एलिजिओ पुढच्या दारानं आला

एलिजिओ त्रामोंतिनचं लग्न लागलं त्या दिवशी तो मेलबर्नमध्ये, फूट्सक्रेतल्या एका खाटकाच्या दुकानात गुडघ्यांवर बसून फरशी घोटत होता. नवरी तिकडे इटलीत, फ्रिउलीच्या डोंगराखालच्या त्यांच्या गावात चर्चमध्ये उभी होती. तिच्या शेजारी एलिजिओच्या जागी त्याचा धाकटा भाऊ रिनाल्दो उभा होता. आमच्या इटालियन लोकांत तेव्हा अशी लग्नं सर्रास व्हायची. माणूस इकडे, मुलगी गावात, मधे महिनाभराचा बोटीचा प्रवास. मग सहीशिक्क्याचा कागद पाठवायचा, आणि भाऊ नाहीतर मामा नवऱ्याच्या वतीनं ‘हो’ म्हणायचा.

संध्याकाळी तो घरी आला. घरी म्हणजे आमच्या घरी. माझे वडील गेल्यावर आईनं कार्लटनमधल्या आमच्या घरातच खाणावळ काढली होती आणि वरच्या खोल्या आपल्याकडच्या कामगारांना राहायला दिल्या होत्या. एलिजिओ पाच वर्षं आमच्याकडे राहत होता. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. त्या दिवशी आईनं सशाचा रस्सा आणि मक्याचा पोलेंटा केला होता. एलिजिओ आंघोळ करून, पांढरा सदरा घालून जेवायला बसला. बेपी नावाचा एक गिलावा करणारा होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, “मिस्त्री, आज रात्री तुझ्या भावाची मजा आहे.” सगळे हसले. एलिजिओही हसला. मग त्यानं हळूच आईला विचारलं, “सिन्योरा, तिकडे आत्ता किती वाजले असतील?”

“सकाळ असेल. का रे?”

“काही नाही. म्हणजे चर्चला निघाली असतील.”

आणि तो ताटाकडे बघत राहिला.

छत्तीस वर्षांचा होता तो तेव्हा. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, कपाळ बरंच वर गेलेलं. तेरात्सो हे त्याचं काम. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी कालवून पसरायची, वर जड रूळ फिरवायचा आणि सुकली की पाणी टाकत टाकत दगडाच्या यंत्रानं घोटत बसायचं, आतली खडी आरशासारखी वर येईपर्यंत. कोपऱ्यात यंत्र जात नाही, तिथे हातानं घोटायचं. त्यांच्या गावात हे काम पिढ्यान्पिढ्याचं. आजा व्हिएन्नात फरश्या करायचा, बाप डेन्मार्कमध्ये. गावात नदीचे गोटे सोडून काही पिकत नाही, असं तो म्हणायचा.

मुलीचं नाव नोएमी. त्याच्या बहिणीनं जमवलेलं. सत्तावीस वर्षांची, रेशमाच्या गिरणीत कामाला होती. तिचा एक फोटो आला होता, तो एलिजिओनं आईला दाखवला, मला दाखवला, बेपीला मात्र दाखवला नाही. स्वतःचा फोटो पाठवायचा तेव्हा बेपी म्हणाला होता, हॅट घालून काढ. यानं हॅट काढून हातात धरली आणि तसाच फोटो काढून घेतला. बोटीवरून उतरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

ती यायच्या आधी त्यानं शेजारच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. एका खोलीत पलंग, कपाट. दुसऱ्या खोलीत चूल, टेबल, आणि खाली त्यानं स्वतः केलेली फरशी, हिरव्या आणि पांढऱ्या खडीची. घरमालक म्हणाला, खोली भाड्याची आहे, फरशी उचलून नेता येणार नाही. एलिजिओ म्हणाला, मला माहीत आहे.

मार्चमध्ये बोट आली. स्टेशन पिअरच्या धक्क्यावर ही गर्दी. बायका फोटो हातात धरून उतरत होत्या, पुरुष फोटो हातात धरून उभे होते. एलिजिओनं आदल्या दिवसापासून हातांना लिंबू चोळलं होतं, तरी नखांतलं सिमेंट गेलं नव्हतं. नोएमी उतरली. उंच होती, त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. करडा कोट, हातमोजे, एक बॅग. त्यानं हॅट काढली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला, बँकेतल्या साहेबाशी करावा तसा. त्यानं तो हातात घेतला आणि म्हणाला, “प्रवास बरा झाला ना?” ती म्हणाली, “हो, तुमची कृपा.”

रात्रीचं जेवण आमच्याकडेच होतं. नोएमी फारसं काही जेवली नाही. आईनं केक कापायला घेतला तेव्हा तिनं हातातला नॅपकिन खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर, पण फक्त एलिजिओकडे बघत म्हणाली, “माझं लग्न तुमच्या भावाशी लागलं. चर्चमध्ये माझ्या शेजारी तो उभा होता. त्यानं माझा हात धरला तेव्हा तो थरथरत होता, एवढं मला आठवतं. तुमचा हात मी आज पहिल्यांदा पाहिला. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण मी तुम्हाला ओळखत नाही, आणि न ओळखणाऱ्या माणसाच्या घरी मी आज झोपायला जाणार नाही.”

आईला वाटलं, आता हा उठून जाणार, नाहीतर ओरडणार. एलिजिओनं विचार केला आणि म्हणाला, “बरोबर आहे. मग थांबू या.”

आईला ते पटलं नाही. पोरगी देवाच्या आणि कायद्याच्या दोन्ही नजरेत तुझी बायको आहे, लोक काय म्हणतील, असं ती त्याला स्वयंपाकघरात नेऊन समजावू लागली. मी तिथेच भांडी विसळत होते. एलिजिओ म्हणाला, “सिन्योरा, ओल्या फरशीवर पाय दिला तर तो ठसा जन्मभर जात नाही.”

“अरे, ती बाई आहे, फरशी नाही!”

“म्हणूनच तर.” तो म्हणाला. मग त्यानं हॅट घेतली आणि नव्या खोल्यांवर एकटाच गेला.

नोएमी माझ्या खोलीत राहायला आली. मी अठरा वर्षांची होते, शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करत होते. पुढच्याच आठवड्यात तिला तिथे काम मिळालं. आईला ती खोलीचं भाडं देऊ लागली तेव्हा आई तिच्यावर आणखीच चिडली.

आणि पहिल्या रविवारी दुपारी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजली. पुढच्या दारानं आमच्याकडे फक्त पाद्री आणि विम्याचा माणूस यायचे. मी दार उघडलं तर एलिजिओ. पाच वर्षं हा माणूस मागच्या अंगणातून, बूट झटकत, “सिन्योरा, भूक लागली” म्हणत घरात शिरत होता. आता हॅट हातात, दुसऱ्या हातात बदामाच्या बिस्किटांचा पुडा, गळ्यात टाय. मला म्हणाला, “इनेस, सिन्योरा नोएमी घरी आहेत का?”

मला हसू आवरेना. पण त्याचा चेहरा बघून आवरलं.

तेव्हापासून दर रविवार. आईनं फर्मान काढलं की दोघांनी एकटं हिंडायचं नाही, माझ्या घराचं नाव जाईल. म्हणून बागेत ते दोघं पुढे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी मागे. नवराबायकोच्या मागे राखणदार! अख्ख्या कार्लटनला करमणूक झाली. कॉफीच्या दुकानात बेपी त्याला ‘लग्न झालेला ब्रह्मचारी’ म्हणायला लागला. कुणी विचारी, मिस्त्री, हात धरायला अर्ज कुठे करतात रे? एलिजिओ कॉफीत साखर ढवळत राही. एकदा मात्र एक जण नोएमीबद्दल काहीतरी घाण बोलला. एलिजिओनं कप खाली ठेवला, त्या माणसाचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. तो माणूस त्याच्या दुप्पट होता, पण गेला. हे बेपीनंच आम्हाला येऊन सांगितलं, आणि त्यानंतर बेपीनंही चेष्टा बंद केली.

नोएमी असं का वागते, हे मला कळत नव्हतं. एका संध्याकाळी केस विंचरता विंचरता तिनं सांगितलं. तिचे वडील फ्रान्समध्ये फरश्यांच्याच कामावर. तीन-तीन वर्षांनी हिवाळ्यात घरी यायचे. दारात एक दाढीवाला माणूस उभा राहायचा आणि आई म्हणायची, हा तुझा बाप, याला पापी दे. नोएमी पापी द्यायची. तोंडाला तंबाखूचा वास लागायचा आणि रात्री आईच्या शेजारची तिची जागा जायची. “तेव्हाच ठरवलं,” ती म्हणाली, “की कुणीतरी सांगतंय हा तुझा आहे, म्हणून मी परत कधी कुणाला पापी देणार नाही.”

मग तू लग्नाला हो का म्हणालीस, मी विचारलं. ती म्हणाली, गिरणी बंद पडत होती. मग कंगवा खाली ठेवून म्हणाली, “आणि त्यानं फोटोत हॅट काढली होती.”

हे तिनं एलिजिओला कधी सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण मे महिन्यातल्या एका रविवारी ते बाकावर बसले होते, मी मागच्या बाकावर विणत होते, आणि एलिजिओ बोलताना मला ऐकू आला. एरवी तो फार बोलायचा नाही. तो म्हणाला, “माझा बाप डेन्मार्कहून आला तेव्हा मी टेबलाखाली लपलो होतो. आई ओढून काढायला लागली. तो म्हणाला, राहू दे. त्यानं मला हाक मारली नाही. टेबलाशेजारी जमिनीवर बसला आणि माझा फाटका बूट शिवत राहिला. बराच वेळ शिवत होता. एवढं काय फाटलंय ते बघायला मी बाहेर आलो.”

परत येताना नोएमी त्याच्या बाजूनं थोडी जवळून चालत होती. मी आणखी मागे राहिले.

जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, एका रविवारी बेल वाजली नाही. संध्याकाळी बेपी निरोप घेऊन आला की मिस्त्रीला काम आहे. नोएमीनं ऐकून घेतलं आणि वर गेली. पुढच्या रविवारीही तोच निरोप. या वेळी ती जिन्यात उभी राहिली आणि बेपीला म्हणाली, “रविवारी कसलं काम?” बेपीला खोटं बोलणं कधीच जमलं नाही. त्यानं सांगून टाकलं. एका बेकरीची फरशी ओतताना एलिजिओच्या पँटच्या आत ओलं सिमेंट गेलं होतं. चुना जसा भाजतो तसं ते भाजतं, पण हळूहळू, कळतही नाही. अर्धवट टाकून उठता येत नाही म्हणून तो संध्याकाळपर्यंत तसाच गुडघ्यांवर होता. दोन्ही गुडघ्यांची कातडी गेली होती. मग ते पिकले, ताप भरला.

नोएमीनं कोट घातला. आईनं मला सूप देऊन तिच्यामागे पिटाळलं.

त्या खोल्यांवर ती तोपर्यंत कधीच गेली नव्हती. दार नुसतंच लोटलेलं होतं. एलिजिओ स्वयंपाकघरात होता, चुलीशेजारी एका घडीच्या खाटेवर, गुडघ्यांना फडकी गुंडाळलेली. तिला बघून तो उठायला लागला. तिनं हातानं थांबवलं आणि आजूबाजूला पाहिलं. मग ती आतल्या खोलीचं दार उघडून बघून आली. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. आत मोठा पलंग होता. गादीवर दुकानाचा तपकिरी कागद अजून तसाच, दोरीसकट. इतके महिने त्यावर कुणी बसलंसुद्धा नव्हतं.

“तुम्ही इथे झोपता?” तिनं खाटेकडे बोट दाखवलं.

“आतली खोली दोघांची आहे,” तो म्हणाला. “मी आधी एकट्यानं कशी वापरायची?”

नोएमी त्या हिरव्या-पांढऱ्या फरशीवर खाली बसली, त्याच्या खाटेशेजारी, आणि फडकी सोडायला लागली. चिकटलेली होती, पाणी लावून लावून सोडवावी लागत होती. खालचं बघून तिनं तोंड फिरवलं नाही. मान वर न करताच ती म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?”

आमच्यात नवराबायको एकमेकांना ‘तू’च म्हणतात, ‘तुम्ही’ परक्याला. इतके महिने ती त्याला ‘तुम्ही’ म्हणत आली होती. एलिजिओनं माझ्याकडे पाहिलं, मीही तेच ऐकलं का, हे बघायला. मी सूप चुलीवर ठेवलं आणि घरी आले.

ती त्या रात्री परतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आईनं तिची बॅग बेपीकडे दिली आणि म्हणाली, “एकदाची सुटले.” डोळे मात्र पुसत होती. एलिजिओ पुन्हा चालायला लागला तेव्हा आईनं अंगणात टेबलं मांडून लग्नाचं जेवण घातलं. या वेळी नवरा हजर होता. त्याला नाचता येत नव्हतं. नोएमी त्याला हाताला धरून उभी राहिली आणि दोघं एकाच जागी डुलत राहिले.

त्यांना दोन मुली झाल्या, रेनाता आणि फ्लाविया. एलिजिओनं स्वतःशी एकच नेम केला होता: ज्या कामावरून रात्रीच्या जेवणाला घरी येता येत नाही, ते काम घ्यायचं नाही. त्याचा भागीदार कॅनबेराला गेला. तिथे सरकारी इमारती उठत होत्या, दोन वर्षांचं काम होतं. एलिजिओला त्यानं परोपरीनं सांगितलं. हा गेला नाही. भागीदारानं पुढे टूराकच्या श्रीमंत वस्तीत बंगला बांधला आणि यानं त्याच्या बंगल्याची फरशी केली, मजुरीवर. लोक म्हणाले, मिस्त्री, तो कुठल्या कुठे गेला आणि तू तिथेच. “हो,” एलिजिओ म्हणायचा, “मी सहा वाजता घरी गेलो.”

मुली लहान असताना तो घरी आला की दोघी त्याच्या बुटांवर उभ्या राहायच्या आणि तो तसाच त्यांना घेऊन मोरीपर्यंत चालत जायचा. नोएमी ओरडायची, सिमेंट लागेल. रेनाताला गणित येईना, तर त्यानं तिला खडीच्या पोत्यांवर बसवून मापं शिकवली; ती पुढे शाळेत गणितच शिकवायला लागली. फ्लावियाशी त्याचं पटायचं नाही. ती सतराव्या वर्षी एका मुलाबरोबर निघून गेली होती. नोएमी रडून रडून आजारी पडली. एलिजिओ त्या मुलाच्या घरी गेला, भांडायला म्हणून नाही. त्यांचं मागचं अंगण चिखलाचं होतं. त्यानं तिथे पायऱ्या घालायला घेतल्या. दर शनिवारी जायचा, काम करायचा आणि यायचा. चौथ्या की पाचव्या शनिवारी फ्लाविया त्याच्याबरोबर जेवायला घरी आली. तो मुलगाही आला. तो जावई अजून आहे, चांगला निघाला.

गुडघे मात्र गेलेच. पन्नाशीला आला तोवर त्याला चर्चमध्ये गुडघे टेकता येईनात. सगळे खाली टेकायचे आणि हा मागे भिंतीशी उभा. नव्या पाद्र्यानं एकदा हटकलं. एलिजिओ म्हणाला, “फादर, आठवडाभर मी गुडघ्यांवरच असतो. रविवारी देवानं मला जरा उभं बघावं.”

शहात्तर साली फ्रिउलीत भूकंप झाला. त्यांचं गाव निम्मं पडलं. रिनाल्दोचं घर गेलं, माणसं वाचली. एलिजिओनं जायचं ठरवलं. तो दोन-तीन महिन्यांसाठी एकटाच जाणार होता. नोएमी म्हणाली, “माझ्या आईनं मागे राहायचं काम पुरेसं केलंय. मी येते.” मुली मोठ्या झाल्या होत्या; आमच्या आईनं त्यांना खाणावळीत ठेवून घेतलं.

तिथली हकिगत नोएमी हसत हसत सांगायची. रिनाल्दो तंबूतून बाहेर आला, केस सगळे पांढरे झालेले, आणि तिला बघून म्हणाला, “या, या, माझी बायको आली.” एलिजिओ म्हणाला, “घे परत, पण बोटीचं भाडं दे.” मग ते दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले की नोएमीला तिथून उठून जावं लागलं. घराच्या भिंती उभ्या राहिल्यावर एलिजिओनं स्वयंपाकघराची फरशी केली. त्याला खाली बसवत नव्हतं, म्हणून हातानं घोटायचे कोपरे नोएमीनं घोटले. रिनाल्दोला तिनं हात लावू दिला नाही. त्याला विचारलं, “चर्चमध्ये तुझा हात का थरथरत होता रे?” तो म्हणाला, “मला वाटलं, तू नाही म्हणशील. मग मी याला काय कळवणार?”

परत आल्यावर एलिजिओचं काम कमी कमी होत गेलं. लोकांना गालिचे हवे होते, प्लास्टिकच्या लाद्या हव्या होत्या. त्यानं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण नवीन दुकानात गेला की आधी खाली बघायचा, आणि मग सौदा पटकन आटपायचा. शेजारपाजारच्या अंगणात टेबलं, बाकं, कारंजी करून दिली. नातवंडं आली. बाग केली. राडिक्यो या कडू पालेभाजीचे वाफे त्यानं असे आखले होते की बेपी म्हणायचा, फरशीत बसवतोस तशा पितळी पट्ट्या इथेही बसवल्यास की काय.

दोन हजार तीनच्या शरदात तो गेला. ब्याऐंशी वर्षांचा होता. दुपारी जेवताना कोशिंबिरीत व्हिनेगर जास्त झालं म्हणून नोएमीवर कुरकुरला. ती म्हणाली, उद्या तू कर. तो आत जाऊन पडला. ती अंगणात घेवड्याच्या शेंगा तोडत होती. चार वाजता कॉफीला उठवायला गेली तेव्हा तो गेलेला होता, एक हात तिच्या बाजूच्या उशीवर.

चर्चमध्ये गर्दी झाली. त्याच्या धंद्यातले म्हातारे मागे भिंतीशी ओळीनं उभे होते. गुडघे कुणाचेच धड नव्हते. नोएमी शेवटपर्यंत ताठ उभी राहिली. बाहेर पडताना तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, “इनेस, सगळ्यांना आपल्याकडे जेवायला बोलाव. एवढी माणसं उभी राहून दमली असतील.”

आता ती नव्वदीच्या पुढे आहे, फ्लावियाकडे राहते. मी गुरुवारी जाते. आम्ही पत्ते खेळतो. ती फसवते, आणि मी धरलं की म्हणते, तुला नीट दिसत नाही.